'७२ सीझन्स'चे मराठी : ऋतू, तप की पावसाळे?

प्रश्न

मेटॅलिका या अमेरिकी हेवी मेटल बँडच्या '७२ सीझन्स' या अल्बममधील त्याच नावाच्या गाण्यावरून दादरला आमच्या चार-पाच मित्रांमध्ये जो वाद झाला, तो गाण्याच्या दर्जावरून सुरू झाला आणि एका शब्दावर येऊन अडला. तो शब्द येथे मांडतो आहे. अल्बम १४ एप्रिल २०२३ रोजी आला आणि हे गाणे त्याच्या पंधरवडाभर आधी, ३० मार्चला, स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले होते. शाळकरी वयापासून हा बँड ऐकणाऱ्या आमच्यासारख्यांच्या लेखी ते अजून नवेच आहे. (त्याला 'शीर्षकगीत' म्हणावे असे मला वाटले होते, पण मराठीत तो शब्द ऐकला की दूरदर्शन मालिकेच्या सुरुवातीचे गाणे डोळ्यांपुढे येते, म्हणून टाळतो.)

बँडचा गायक जेम्स हेटफील्ड याने नावाचा अर्थ सांगितलेला आहे. बहात्तर सीझन्स म्हणजे माणसाच्या आयुष्याची पहिली अठरा वर्षे : वर्षाचे चार ऋतू, म्हणून अठरा चोक बहात्तर. या वर्षांत आईवडील आणि भोवतालचे लोक मुलाला 'तू कोण आहेस' हे सांगतात, आणि पुढचे सगळे आयुष्य त्या सांगण्याला धरून तरी जाते किंवा त्यातून सुटण्याच्या धडपडीत तरी जाते, अशी त्यामागची कल्पना आहे. हेटफील्डच्या तोंडी ती उसनी वाटत नाही. त्याच्या घरी ख्रिश्चन सायन्स या पंथाचे कडक वातावरण होते, वडील तो तेरा वर्षांचा असताना घर सोडून गेले आणि सोळाव्या वर्षी त्याची आई कर्करोगाने गेली. म्हणजे त्याचे बहात्तर ऋतू पुरे होण्याआधीच घर संपले होते.

आमच्यातील एकाचे म्हणणे असे की, गाणे सात मिनिटे एकोणचाळीस सेकंदांचे आहे आणि त्यातली दोन मिनिटे सहज कापता आली असती, कारण गिटारच्या रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या स्वरावली, 'तेच तेच' सांगत राहतात. दुसऱ्याचे म्हणणे असे की, तेच तेच सांगणे हाच गाण्याचा विषय आहे. तासभर बोलल्यावर लक्षात आले की पहिल्या मित्राने 'सीझन' हा शब्द वेबमालिकेच्या दुसऱ्या-तिसऱ्या 'सीझन'सारखा ऐकला होता. त्याला वाटत होते की गाण्यात एक गोष्ट आहे आणि ती पुढे सरकत नाही. मुंबईच्या मराठीत हा शब्द खरोखरच असा वापरला जातो : आंब्याचा सीझन, लग्नाचा सीझन, क्रिकेटचा सीझन. त्यात काहीतरी सुरू होते, चालते आणि संपते.

म्हणून मी मराठी शब्द शोधू लागलो. 'हंगाम' मला पटत नाही, कारण हंगाम संपला की हिशेब मिटतो आणि 'हंगामी' माणूस घरी जातो. इथे तर हिशेब मिटत नाही हीच तक्रार आहे. 'मोसम' हा वाऱ्याचा आणि समुद्राचा शब्द आहे, बंदराच्या गावाला शोभतोही, पण त्याचे अनेकवचन कोणी वापरलेले मी ऐकलेले नाही. उरतो 'ऋतू'. मग 'बहात्तर ऋतू' असे सरळ म्हणावे काय?

प्रतिसाद

तसे म्हणता येणार नाही, कारण आपला हिशेब निराळा आहे. आपल्याकडे वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत आणि शिशिर असे सहा ऋतू आहेत, त्यामुळे बहात्तर ऋतू म्हणजे बारा वर्षे होतात. तेवढ्यात मूल जेमतेम सहावी-सातवीला पोहोचते. व्यवहारातले उन्हाळा, पावसाळा, हिवाळा हे तीन धरले तर चोवीस वर्षे होतात. अठरा वर्षांसाठी एकशे आठ ऋतू म्हणावे लागतील आणि एकशे आठ म्हटले की मराठी कानाला जपमाळेचे मणी ऐकू येतात.

पण या चुकलेल्या हिशेबातच एक चांगला शब्द हाती लागतो. बारा वर्षांना मराठीत 'तप' म्हणतात आणि 'एक तप लोटले' हे आपण आजही सहज लिहितो. अठरा वर्षे म्हणजे दीड तप. दिडकी (दीडाचा पाढा) पाठ असलेल्या पिढीला त्याचे उत्तर सांगावे लागत नाही. 'दीड तप' हे नाव छोटे आहे, ठाम आहे आणि ड्रमच्या ठोक्यावर बसणारे आहे.

प्रतिसाद

'दीड तप' मला ऐकताक्षणी आवडले, विशेषतः त्या शब्दाच्या पोटात तापणे आणि ताप दोन्ही आहेत म्हणून. अल्बमच्या पिवळ्या मुखपृष्ठावर जळालेला, काळा पडलेला पाळणा आहे, त्याच्याशी ते जुळते. तरीही मी तो स्वीकारणार नाही. तपाला माणूस स्वतः बसतो, त्यामागे संकल्प असतो आणि शेवटी फळ अपेक्षित असते. बालपणाला कोणी स्वतः बसत नाही. शिवाय 'दीड तप' म्हटल्याने पहिली अठरा वर्षे असा अर्थ निघत नाही. नोकरीची, संसाराची, संगीतसाधनेची, कशाचीही दीड तपे असू शकतात.

'ऋतू'बद्दलही एक सांगावेसे वाटते, जे पुरुष मित्रांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. 'ऋतुमती', 'ऋतुप्राप्ती' हे शब्द मराठीत मुलीच्या वयात येण्याचे आहेत. मोठे होण्याविषयीच्या गाण्याच्या नावात 'ऋतू' आला की आम्हा बायकांना तो अर्थ शेजारी उभा दिसतो. मला तो नकोसा वाटत नाही, उलट इंग्रजी नावात नसलेली एक भर वाटते. भाषांतर करणाऱ्याला तो माहीत असावा, एवढेच.

आता 'तेच तेच' या आक्षेपाकडे येते, कारण माझ्या मते खरी शब्दचर्चा तिथे आहे. अठरा वर्षांत मुलावर जे होते त्याला आपण चटकन 'संस्कार' म्हणतो, पण आजच्या मराठीत तो शब्द जवळजवळ नेहमी चांगल्या अर्थानेच येतो. वाईट म्हणायचे तर आधी 'कु' जोडावा लागतो. गाण्यात चांगले आणि वाईट अजून वेगळे झालेलेच नाही. त्यापेक्षा 'वळण' हा शब्द पाहा. वळण माणसालाही लागते आणि अक्षरालाही, आणि अक्षराला ते गिरवून लागते. पाटीवर मोठ्याने काढून दिलेल्या अक्षरावरून पेन्सिल पुन्हा पुन्हा फिरवायची, हात दुखला तरी फिरवायची, आणि काही महिन्यांनी ते अक्षर आपलेच आहे असे वाटू लागते. रिफला मराठी प्रतिशब्द सुचवण्याचा खटाटोप मी करणार नाही, 'रिफ' हा शब्द आता आपला झाला आहे. पण या गाण्यात रिफचे जे होते त्याला 'पुनरावृत्ती' म्हणू नये, 'गिरवणे' म्हणावे. पुनरावृत्तीत एकच गोष्ट दोनदा होते. गिरवण्यात रेघ प्रत्येक वेळी खोल जाते.

या दृष्टीने ऐकल्यावर मला गाण्याची लांब सुरुवात सार्थ वाटते, कारण माणसाचा आवाज येण्याआधीच वळण पडून गेलेले असते. बँडचा गिटारवादक कर्क हॅमेट याचा सोलो, म्हणजे त्याने एकट्याने वाजवलेला गिटारचा तुकडाही, मग वेगळा ऐकू येतो. या अल्बमसाठी त्याने बरेचसे सोलो उत्स्फूर्तपणे वाजवले आहेत, म्हणून अनेकांना ते विस्कळीत वाटतात; मला या गाण्यापुरते तरी असे वाटते की, गिरवून घेतलेल्या पानावर कोणीतरी प्रथमच रेघ सोडून लिहिले आहे. मात्र सोलोनंतरचा भाग मला लांबलेला वाटतो. तिथे नवी रेघ नाही आणि जुनी आणखी खोल जात नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये या गाण्याला सर्वोत्तम मेटल सादरीकरणाचे ग्रॅमी मिळाले. मी ते कोणत्याही बाजूचा पुरावा मानत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

'गिरवणे' या शब्दाबद्दल मनापासून आभार. तो शब्द मी त्या मित्राला सांगितला, आणि त्याने लोकलमध्ये, ठाण्यापासून दादरपर्यंत, गाणे पुन्हा चार वेळा ऐकले. त्याचे मत पूर्ण बदललेले नाही. गाणे लांबले आहे असेच तो म्हणतो, पण आता तोही सोलोनंतरच्या भागाकडेच बोट दाखवतो आणि 'तेच तेच' हा शब्द त्याने मागे घेतला आहे.

'दीड तपा'वरचा आक्षेप मला मान्य आहे. त्यावर विचार करताना एक शब्द सुचला, जो इतका रोजचा आहे की सुरुवातीला तो ध्यानात आला नव्हता : पावसाळे. मराठीत वय मोजायला आपण तोच ऋतू घेतो. 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिले आहेत' हे वाक्य प्रत्येक मराठी घरात बोलले जाते, कधी त्याला उन्हाळेही जोडले जातात, आणि ते नेहमी मोठा माणूस लहानाला, वाद थांबवण्यासाठी, ऐकवत असतो. गाण्याला ज्या अधिकारवाणीतून सुटायचे आहे ती हीच आहे. 'अठरा पावसाळे' म्हटले की मोठ्यांचे ते माप लहानाच्या हातात येते : माझेही अठरा झाले, आणि त्यांत तुम्ही मला काय सांगितलेत ते मी आता मोजतो आहे. हा अर्थ इंग्रजी शब्दात नाही, पण गाण्यात आहे.

मुंबईकराला तर बालपण पावसाळ्यांनीच मोजता येते, कारण इथे हिवाळा आला कधी आणि गेला कधी हे कळत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी आठवीत होतो. वडील कुर्ल्याहून पाण्यातून चालत पहाटे दादरला घरी पोहोचले. त्या रात्री आई मला म्हणाली, "तू रडला नाहीस, तू शहाणा आहेस." तिने ते मायेने म्हटले होते आणि मला त्याबद्दल तिच्याविषयी कृतज्ञताच आहे, पण त्यानंतर घरात कोणाच्याही दुःखात मी रडलो नाही, आणि हे गाणे ऐकेपर्यंत तो माझा स्वभावच आहे असे मी धरून चाललो होतो.

'अठरा पावसाळे' या नावात एक उणीव आहे, ती मान्य करतो. बहात्तर हा आकडा त्यात हरवतो, आणि तो आकडा केवळ हिशेबाचा नाही. लहान एकक घेऊन मोठी संख्या करणे ही आयुष्याला वजन देण्याची रीत आहे. आपल्याकडे एक्याऐंशीव्या वर्षाच्या सुमारास सहस्रचंद्रदर्शन करतात, तेव्हा हेच करतात : ऐंशी वर्षे म्हणण्यापेक्षा हजार पौर्णिमा म्हटले की ते जगणे मोठे दिसते. अठरा वर्षे कोवळी वाटतात, बहात्तर ऋतू जड वाटतात. ते वजन पावसाळ्यांत येत नाही, आणि उन्हाळे-पावसाळे दोन्ही मोजले तरी छत्तीसच भरतात.

म्हणून मी सध्या असे ठरवले आहे की अल्बमचे आणि गाण्याचे नाव विशेषनाम म्हणून '७२ सीझन्स' असेच लिहावे, आणि त्याचा अर्थ सांगताना 'बहात्तर ऋतू' न म्हणता 'पहिले अठरा पावसाळे' म्हणावे. 'पहिले' हा शब्द त्यात हवाच, कारण दीड तपावर घेतलेला दुसरा आक्षेप त्याशिवाय इथेही लागू होतो.

एक विचारायचे राहिले आहे. विदर्भातील वाचकांपैकी कोणी सांगू शकेल काय, की जिथे उन्हाळाच वर्षावर राज्य करतो तिथेही वय सांगताना पावसाळेच मोजतात, की घरातील वडीलधारी माणसे नुसते 'चार उन्हाळे जास्त पाहिले' असेही म्हणतात?