रिपेन्सिया तिमिशोआरा: बंद पडलेला क्लब त्याच नावानं पुन्हा उभा केला, तर तो तोच का?

मंगळवारपेठकर

मंडळी, प्रश्न रोमानियातल्या एका फुटबॉल क्लबाचा आहे, पण त्याचं मूळ कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत आहे.

आमच्या गल्लीची एक टीम होती. नाव लिहीत नाही, जुनी माणसं ओळखतील. पोरं नोकरीला पुण्या-मुंबईला पांगली, वर्गणी आटली आणि एका हंगामात अकरा जणही जमेनात. तेव्हापासून पंचवीसेक वर्षं टीम नाही. गेल्या महिन्यात माळा साफ करताना एक लोखंडी पेटी सापडली. आत सात जर्सी. जाड सुती कापड, पाठीवरचे आकडे पांढऱ्या कापडाचे कापून हातानं टाचलेले. ७ नंबरचा वरचा कोपरा उसवलेला होता, तो निळ्या दोऱ्यानं पुन्हा शिवलाय. ती जर्सी हातात घेऊन मी जिन्यातच बसून राहिलो.

आता आम्ही पाच-सहा जण आणि गल्लीतली कॉलेजची पोरं तीच टीम, त्याच नावानं उभी करायची म्हणतोय. पण तेव्हाचे एक खेळाडू, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो, सरळ बोलले, "नाव आमचं हाय. तुम्ही दुसरं घ्या." त्यांचं बोलणं मला लागलं, पण चुकीचं वाटलं नाही. त्या नावासाठी त्यांनी गुडघे फोडून घेतलेत, आम्ही नाही.

असंच शोधताना तिमिशोआरा शहराचा हा रिपेन्सिया क्लब सापडला. १९४८ ला संपला, २०१२ ला पुन्हा सुरू. मध्ये चौसष्ट वर्षं! कुणाला नीट माहिती आहे का? आणि तिथल्या जुन्या लोकांनी नवा क्लब आपला मानला का?

शिरोलीचा_फिटर

भावा, मी सांगतो. शिरोली एमआयडीसीतून सुटल्यावर मी पावणेदोन वर्षं तिमिशोआरात कामाला होतो, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात. शनिवारी मोकळा वेळ आणि डोक्यात शाहू स्टेडियम, त्यामुळे फुटबॉल शोधणं आलंच.

आधी त्या शहरातला किनेझुल क्लब समजून घे. त्यानं १९२१-२२ पासून १९२६-२७ पर्यंत ओळीनं सहा वेळा रोमानियाचं अजिंक्यपद जिंकलं. या विक्रमाची बरोबरी व्हायला १९९८ उजाडलं, ती बुखारेस्टच्या स्टेआउआनं केली. किनेझुल हे एका सरदाराचं नाव. १४७९ ची लढाई जिंकल्यावर दोन्ही काखांत एकेक आणि दातांत एक असे शत्रूचे तीन गडी धरून तो नाचला, अशी तिकडं आख्यायिका आहे. हे ऐकलं तेव्हा मला आपला खासबागचा आखाडा आठवला.

त्या किनेझुलचे अध्यक्ष होते डॉ. कॉर्नेल लाझार. ते बाहेर पडले आणि १९२८ मध्ये त्यांनी रिपेन्सिया काढला. डॅन्यूबच्या काठी डाकिया रिपेन्सिस नावाचा रोमन प्रांत होता, त्यावरून हे नाव. रोमानियातला हा पहिला व्यावसायिक क्लब, म्हणजे खेळाडूंना उघडपणे पगार. पण तिथली स्पर्धा हौशी खेळाडूंची, पगारी टीमला प्रवेश नाही. १९३२ पर्यंत हे लोक स्पर्धेबाहेर राहून मैत्रीपूर्ण सामने खेळत राहिले. विचार कर, चार वर्षं! ना गुणतक्ता, ना ढाल. पेठेतली टीम चार हंगाम बाहेर बसली तर पोरं टिकतील का? ही टिकली. मला त्यांच्या अजिंक्यपदांपेक्षा ही चार वर्षं मोठी वाटतात.

१९३२ ला व्यावसायिकांना दार उघडलं. पहिल्याच हंगामात अंतिम लढतीत क्लुजच्या युनिव्हर्सिताते क्लबला हरवून रिपेन्सिया अजिंक्य. पुढं १९३५, १९३६ आणि १९३८ लाही, शिवाय १९३४ आणि १९३६ चा रोमानियन कप. लेफ्ट आऊट, म्हणजे डाव्या बाजूनं चढाई करणारा, श्तेफान डोबाई चार वेळा लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. १९३४ आणि १९३८ अशा दोन्ही वर्ल्डकपमध्ये त्यानं रोमानियासाठी गोल मारलेत. रोमानियन, हंगेरियन, जर्मन, ज्यू सगळे त्या शहरात शेजारी-शेजारी राहायचे, आणि टीमच्या यादीतली आडनावं वाचली की तेच दिसतं.

१९३८ च्या मित्रोपा कपमध्ये, म्हणजे मध्य युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत, त्यांनी मिलानला बाहेर काढलं. होय, तेच इटलीचं मिलान. घरी ३-०, तिकडं १-३, एकूण ४-३. पुढच्या फेरीत बुडापेस्टच्या फेरेन्त्सवारोशनं अडवलं.

मग महायुद्ध, घसरण, आणि नव्या कम्युनिस्ट राजवटीत खासगी व्यावसायिक क्लबाला जागाच उरली नाही. १९४८ ला इलेक्त्रिका नावाच्या क्लबात विलीन करून विषय संपवला.

आता तुझा खरा प्रश्न. २०१२ ला नाव परत आलं ते पाचव्या पातळीवर, जिल्ह्यातल्या खेड्यांच्या टीमांबरोबर. चार अजिंक्यपदं आमची म्हणून कुणी त्यांना वर बसवलं नाही. एकेक पायरी चढत २०१७ ला ते दुसऱ्या विभागात पोचले. पहिल्या विभागात अजून पोचलेले नाहीत.

२०१२ लाच, त्याच शहरात दुसरी गोष्ट घडली. तिमिशोआराचा जीव खरा पोलितेहनिकात, जांभळ्या-पांढऱ्या रंगात. तो क्लब २०११ ला लीगमध्ये दुसरा आला, तरी लीगमध्ये खेळायचं लायसन्स न मिळाल्यानं खाली ढकलला गेला आणि पुढच्या वर्षी बंद पडला. मग रेकाश या जवळच्या गावची टीम शहरात आणून तिला पोली नाव दिलं. कट्टर पाठीराखे तिकडं फिरकले नाहीत, ते खालच्या पातळीवरच्या विद्यार्थ्यांच्या टीमबरोबर गेले. वरच्या विभागातलं आयतं नाव त्यांना नको होतं.

मी रिपेन्सियाची मॅच पाहिली तेव्हा शे-दीडशे माणसं असतील. लाल-पिवळा रंग. शेजारी ऐंशीच्या आसपासचे एक आजोबा सूर्यफुलाच्या बिया दातानं फोडत बसलेले, टरफलं नीट कागदाच्या पुडीत टाकत. माझ्या सोबतच्या पोरानं त्यांचं बोलणं मला सांगितलं. वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी जुनी टीम पाहिली होती. मी विचारलं, ही तीच का? ते म्हणाले, "ते मला माहीत नाही. पण शर्ट तोच आहे, म्हणून येतो." आणि मग बियांची मूठ माझ्यापुढं केली.

तुझ्या नानांना हे वाचून दाखव.

शिवाजी_पेठ_दक्षिण

फिटर दादांनी लिहिलंय त्यात एक भर. आपल्याकडं पाटाकडील काय, दिलबहार काय, खंडोबा काय, टीमच्या मागं तालीम आहे. टीम एखाद्या वर्षी कोसळली तरी तालमीची इमारत, तांबडी माती, गणपती, वर्गणीची वही जाग्यावर राहते. लाझारांचा क्लब राजवट बदलल्यावर गेला, कारण त्याला असा आधार नव्हता. तुमच्या गल्लीत तालीम आहे का नुसतं मंडळ, ते आधी सांगा. मंडळ असेल तर नानांची सही घेतल्याशिवाय नाव लावू नका. आणि सुरुवात खालच्या गटातूनच करा. बाहेरचे चार खेळाडू पैसे देऊन आणायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका, गल्लीतली आई-बापं मॅचला येणार नाहीत.

मंगळवारपेठकर

तालीम नाही, मंडळच आहे. फिटर दादा, तुमचं उत्तर मी काल रात्री नानांच्या घरी जाऊन वाचून दाखवलं. मिलानचं नाव आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. आजोबांचं बोलणं आलं तेव्हा म्हणाले, पुन्हा वाच. नंतर काहीच बोलले नाहीत, मी चहा पिऊन परत आलो.

नवीन जर्सीचं कापड बघायला उद्या महाद्वार रोडला जायचं होतं, ते थांबवलंय.

जुना_राइट_आऊट

नातवाकडून लिहवून घेतोय.

७ नंबर माझा. निळा दोरा माझ्या आईचा. सेमीफायनलच्या आदल्या रात्री बाही धरून ओढाओढीत आकडा उसवला, घरात पांढरा दोरा संपला होता आणि दुकानं बंद.

छातीवरचा पट्टा आता बारीक दिसत असेल, तो चार बोटं जाड होता. पेटीतली जर्सी धुऊन आटली आहे, तिच्यावरून माप घेऊ नका. कॉलर पिवळी, पांढरी नव्हे. उन्हानं उडाली ती.

नावाचं रविवारी बसून बोलू. आमच्यातले चौघं अजून कोल्हापुरात आहेत, त्यांनाही बोलावतो. पेटी घेऊन या, आणि खेळणारी पोरं बरोबर आणा. नुसती तुम्ही मोठी नको.