कोणीतरी ते मशीन बंद करा

बी-१०२, ८:०४
लॉनचं गवत कापायचं मशीन कोणी बंद करणार आहे का? २५ मिनिटं झाली. माळीदादा बाकावर बसलेत आणि मशीन एका जागी उभं राहून धडधडतंय. काम चालू असतं तर मी एक शब्द बोलले नसते.

बी-४०४, ८:०५
काकू, तुम्ही मागच्या रविवारीपण असंच म्हणाला होतात 😄

बी-१०२, ८:०५
मागच्या रविवारी काम चालू होतं आणि तरी बोलले, हे मान्य. आज खिडकीतून बघ आणि मग दात काढ.

सेक्रेटरी, ८:०७
सर्व सभासदांस नमस्कार. मी गावाला आहे. माळीदादांना मशीन बंद करण्यास सांगावे. कृपया ग्रुपवर वाद नको.

ए-१०४, ८:०८
मी गॅलरीतून विचारलं. ते म्हणतात बंद होत नाहीये. दोन-तीनदा बघितलं, मग घाबरून बाजूला जाऊन बसले.

सी-२०१, ८:०९
बॅटरी काढा. प्रश्न मिटला.

सी-१०३, ८:०९
खाली मुलं सायकली घेऊन आहेत!! आधी त्यांना गेटच्या बाजूला न्या कोणीतरी. पात्याखाली खडा आला की गोळीसारखा सुटतो. माझ्या गाडीच्या काचेला तडा कसा गेला ते सगळ्यांना माहीत आहे. भरपाई कोणी दिली नाही तेही माहीत आहे.

खजिनदार, ८:१०
तो विषय मीटिंगमध्ये संपला आहे. गाडी लॉनला चिकटून लावू नये असं तेव्हाच ठरलं होतं.

सी-१०३, ८:१०
ठरलं नव्हतं. तुम्ही म्हणालात आणि सेक्रेटरींनी लिहून घेतलं.

ए-२०३, ८:११
गाडी नंतर. माझं प्लॅस्टर परवा निघणार, मला खाली येता येत नाही, म्हणून कोणीतरी जा आणि मी सांगतो तसं करा. वॉचमनला म्हणावं मुलांना आत घे. मशीनच्या पुढे आणि ज्या बाजूने गवत बाहेर पडतं तिकडे कोणी उभं राहायचं नाही. हँडलच्या मागे उभं राहून बघा, हँडलला लागून जो आडवा दांडा असतो तो सुटलेला आहे की दाबलेला.

सी-२०१, ८:१२
एवढं कशाला? बॅटरीचा एक टर्मिनल काढला की झालं.

ए-२०३, ८:१३
साहेब, या मशीनला बॅटरी नाही. दोरी ओढून सुरू होतं. ठिणगीची वीज इंजिन स्वतःच तयार करतं. फिरत्या चाकावर लोहचुंबक असतं, ते कॉइलसमोरून गेलं की ठिणगी पडते. जुनी स्कूटर बिनबॅटरीची किकवर चालायची की नाही, तसंच. बॅटरी असलेलं मोठं मशीन असतं तरी चालू इंजिन बॅटरी काढून बंद पडेलच असं नाही.

ए-१०४, ८:१४
मी जाते खाली.

ए-२०३, ८:१४
बूट घालून जा. चपला नकोत. ओढणी वगैरे असेल तर काढून ठेव.

बी-४०४, ८:१५
ताई, ऑल द बेस्ट. लाइव्ह व्हिडिओ टाका.

सी-१०३, ८:१५
तू का नाही जात रे? चौथ्या मजल्यावरून विनोद करायला काय लागतं.

बी-४०४, ८:१६
लिफ्ट बंद आहे म्हणून तुम्हीच काल लिहिलंत 🙏

खजिनदार, ८:१६
लिफ्टचं काम सोमवारी होणार आहे. कृपया विषय भरकटवू नये.

ए-१०४, ८:१८
मी हँडलच्या मागे आहे. दांडा हँडलला बांधलाय! निळ्या नायलॉनच्या दोरीने. चार-पाच वेढे आणि वर गाठ. गाठीवर गवताचा लगदा सुकून घट्ट झालाय, म्हणजे आजची नाही, जुनीच आहे.

ए-२०३, ८:१९
झालं. मला वाटलंच होतं. अहो, तो दांडा शोभेचा नसतो. हाताने धरून ठेवला तरच इंजिन चालायचं, सोडला की ठिणगी बंद आणि चाकाला ब्रेक. माणूस घसरून पडला तर पातं त्याच्या पायापर्यंत पोचायच्या आत थांबावं यासाठी आहे. अमेरिकेत १९८२ सालापासून नियमच आहे, दांडा सोडल्यावर ३ सेकंदांत पातं थांबलं पाहिजे. आपल्याकडे दोरी बांधून तो निकालात काढला.

सी-१०३, ८:१९
कोणी बांधली?

सेक्रेटरी, ८:२०
कोणी बांधली याची चौकशी करण्यात येईल.

खजिनदार, ८:२०
समितीने असं काहीही सांगितलेलं नाही. हे नोंदवून ठेवतो.

सी-१०३, ८:२०
तुमचं नोंदवणं जोरात. दांड्यापासून इंजिनला जाणारी केबल कडक झालीये म्हणून माळीदादांनी कधीच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात पुढच्या तिमाहीत बघू.

ए-२०३, ८:२१
भांडणं पाच मिनिटं थांबवा हो. खाली पोरगी उभी आहे. ए-१०४, घरातून कात्री मागव. माळीदादांना म्हणावं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरा, मशीन हलू देऊ नका. मग मागून दोरी काप.

बी-१०२, ८:२२
मी देते कात्री खिडकीतून. तळमजल्यावर असल्याचा एवढा तरी उपयोग.

ए-१०४, ८:२५
कापली. दांडा सुटला, पण मशीन चालूच आहे. दांडा नुसता लोंबतोय, पुढेमागे केला तरी काही होत नाही.

ए-२०३, ८:२६
केबल आत गंजून अडकली. इतके दिवस ताणून बांधल्यावर काय होणार. म्हणजे ब्रेक लागत नाही आणि ठिणगीही बंद होत नाही. ठीक आहे, घाबरू नको.

सी-२०१, ८:२६
मग इंजिनच्या स्पार्क प्लगला जाणारी वायर कापा. किंवा ती बारीक काळी वायर असते ती. एका सेकंदात बंद.

ए-२०३, ८:२७
कोणीही कुठलीही वायर कापायची नाही!!! प्लगच्या वायरमध्ये हजारो व्होल्ट असतात, कात्री हातात असताना झटका बसला तर माणूस दचकून कुठे हात टाकेल, खाली पातं फिरतंय. आणि ती बारीक वायर म्हणजे मशीन बंद करायचाच रस्ता आहे. घरातल्या दिव्याचं बटण बंद केलं की वीज तुटते. इथे उलटं. बंद करताना त्या वायरमधून कॉइलची वीज इंजिनच्या बॉडीत उतरते, म्हणून ठिणगी पडत नाही. वायर कापलीत तर मशीन नंतर कधीच दांड्याने बंद होणार नाही. तुटलेल्या वायरमुळे बंद न होणारी मशीनं मी वर्कशॉपमध्ये ढिगाने पाहिलीत.

सी-२०१, ८:२८
मी फक्त सुचवलं. एवढं चिडायचं कारण नाही. वयाचा मान ठेवून गप्प बसतो.

बी-४०४, ८:२८
काका, मशीन उलटं केलं तर?

ए-२०३, ८:२९
उलटं केलंस तर पातं वर येईल आणि पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर सांडेल. आणखी कोणी लिहायच्या आत सांगतो, फडकं किंवा हात लावून हवेची वाटही दाबायची नाही. उलटा भडका आला तर तोंडावर येतो. लाकूड-बिकूड पात्यात घालायचं तर मनातही आणू नका. पातं थेट इंजिनच्या फिरत्या आसावर असतं, मिनिटाला ३,००० फेरे धरा, म्हणजे सेकंदाला ५०.

ए-२०३, ८:३०
ए-१०४, हँडलवर सशाचं आणि कासवाचं चित्र असलेला खटका आहे का?

ए-१०४, ८:३०
आहे. सशावर आहे. कासव अर्धं पुसलंय.

ए-२०३, ८:३१
कासवाकडे पूर्ण आण. त्याच्या पुढे थांबायची खूण असेल तर तिथपर्यंत ओढ.

ए-१०४, ८:३२
खूण नाही. कासवावर आणला, आवाज बराच कमी झाला.

बी-१०२, ८:३२
देव तुझं भलं करो.

ए-२०३, ८:३३
छान. आता पेट्रोलची टाकी बघ. तिथून रबरी नळी कार्बोरेटरला जाते, तिथे पेट्रोलमध्ये हवा मिसळते. टाकीच्या खाली नळीवर छोटा कॉक असेल. सायलेन्सर त्याच्या उलट्या बाजूला आहे ना ते आधी बघ, तो चटका देणारच. बाजूला उकिडवं बस, गुडघे पत्र्याच्या खाली जायला नकोत. कॉक आडवा कर, म्हणजे पेट्रोल बंद. काही मशीनना कॉक नसतोच, पण या मशीनला आहे, आणलं त्या दिवशी मीच दाखवला होता. तेव्हा ऐकायला दोन जण होते.

सेक्रेटरी, ८:३४
मी होतो, काका.

ए-२०३, ८:३४
तुम्ही फोनवर होतात.

ए-१०४, ८:३६
सापडला. तेलकट आणि घट्ट होता, माळीदादांनी फिरवला. आडवा केला. पण बंद नाही झालं!!

सी-२०१, ८:३६
मी आधीच म्हणत होतो.

ए-२०३, ८:३७
काय म्हणत होतात? बॅटरी? ए-१०४, लांब येऊन उभी राहा, दोघंही. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल उरलेलं असतं, तेवढं जळेपर्यंत चालणार. कासवावर तर आणखी वेळ लागतो. चोक, म्हणजे हवा कमी करायचा खटका, ओढून लवकर बंद करता येतं, गरम इंजिन जास्त पेट्रोलने गुदमरतं, पण सायलेन्सरमध्ये फाट्कन आवाज होऊ शकतो. घाई कसली आहे? थांबू.

बी-४०४, ८:३८
सस्पेन्स 🍿

सी-१०३, ८:३८
वाट बघतोच आहोत तर गाडीच्या काचेचा विषय पुन्हा घ्यायला काय हरकत आहे?

खजिनदार, ८:३८
हरकत आहे.

ए-१०४, ८:३९
आवाज वरखाली होतोय. एकदम चढला, मग बसला, परत चढला. नॉर्मल आहे का हे?

ए-२०३, ८:३९
पेट्रोल संपत आलं की असाच आचके देतो. जवळ जाऊ नको.

ए-१०४, ८:४०
बंद!!!

बी-१०२, ८:४०
कान मोकळे झाले. पक्षी ऐकू येतायत.

सेक्रेटरी, ८:४१
ए-१०४ आणि काकांचे सोसायटीतर्फे मनःपूर्वक आभार.

ए-२०३, ८:४२
आभार ठेवा. पात्याचं फिरणं पूर्ण थांबल्याशिवाय आणि इंजिन हाताला सोसेल इतकं निवल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. मग प्लगची रबरी टोपी काढून बाजूला करून ठेवा, कॉक बंदच राहू दे. हँडलवर पुठ्ठा बांधा, ‘सुरू करू नये’. केबल बदलल्याशिवाय मशीन बाहेर काढायचं नाही. आणि मेकॅनिकला ब्रेकसुद्धा बघायला सांगा, नुसती केबल टाकून जाईल.

खजिनदार, ८:४३
केबलला मंजुरी. याच महिन्यात.

सी-१०३, ८:४३
बघा, होतं की लगेच.

सेक्रेटरी, ८:४५
दोरी बांधण्याबाबत माळीदादांकडून लेखी खुलासा घेण्यात येईल.

ए-१०४, ८:४७
मी बोलले त्यांच्याशी. दांड्याचा स्प्रिंग इतका कडक आहे की अर्ध्या तासात त्यांची मूठ बधिर होते. मी स्वतः धरून बघितला, मला जेमतेम दोन मिनिटं जमलं. मूठ सुटली की मशीन बंद, मग दोरी ओढ, परत सुरू कर. आणि दर वेळी कोणत्या तरी खिडकीतून ‘संपवा एकदाचं’ म्हणून ओरडा. म्हणून बांधली. लेखी खुलासा कसला घेताय त्यांच्याकडून.

बी-४०४, ८:४८
कोणत्या खिडकीतून ते विचारत नाही 🤐

बी-१०२, ८:५३
विचार की. माझ्याच खिडकीतून. आणि दोरीपण माझीच आहे. कपडे वाळत घालायची नवीन आणली तेव्हा उरलेला तुकडा त्यांनी मागितला, मी दिला. कशाला हवाय ते मी विचारलं नाही.

सी-१०३, ८:५५
जाऊ दे काकू, काच फुटली तेव्हा बांधलेली नव्हती ना?

बी-१०२, ८:५५
ते मात्र मला माहीत नाही.

सेक्रेटरी, ८:५७
खुलाशाचा विषय स्थगित.

सी-२०१, ९:०२
माझं एक मत. पुढचं मशीन बॅटरीवरचं घ्या. बंद नाही झालं तर बॅटरी काढता येईल.

ए-२०३, ९:०४
हे बरोबर बोललात. बटण सोडून, पातं थांबू देऊन मगच काढायची, पण बरोबर.

बी-१०२, ९:०४
आवाजही कमी असतो म्हणे त्यांचा.

खजिनदार, ९:०५
पुढच्या तिमाहीत बघू.