मदत हवी आहे : रेकॉर्डरच्या कार्डावर ० केबीच्या फायली, सप्ताहाआधी बंदोबस्त कसा करायचा?

खानापूर पट्टा

राम कृष्ण हरी मंडळी. हरिनाम सप्ताहाचं रेकॉर्डिंग हातात मावणाऱ्या छोट्या रेकॉर्डरवर होतं. दोन बारीक (एएए) सेल, मायक्रोएसडी कार्ड ३२ जीबी, एफएटी३२ (कार्डावर फायलींची नोंद ठेवायची पद्धत). मिक्सरमधून लाइन घेतो. सेटिंग वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ. सेल वाचावेत म्हणून ते काढून ठेवलेत, रेकॉर्डर मोबाइलच्या चार्जरवर चालतो. चार्जर मिक्सरच्याच एक्स्टेन्शन बोर्डात.

करंट गेला की जनरेटर लागेपर्यंत दहा-पंधरा सेकंद जातात. तेवढ्यात रेकॉर्डर बंद. नंतर कार्ड बघितलं तर तीन फायली ० केबी. चौथी दोन जीबीच्या जवळपासची आहे आणि नीट वाजते, पण तिच्या पुढचा तुकडा परत ० केबी. विंडोज 'स्कॅन अँड फिक्स' करू का म्हणून विचारतोय, अजून होय म्हटलेलं नाही. कार्ड काढून ठेवलंय, त्यावर नवीन काही भरलेलं नाही.

विचारायचं असं : गेलेलं परत मिळेल का? पुढच्या सप्ताहात हे होऊ नये म्हणून काय करावं? चांगलं महागातलं कार्ड घेतलं तर भागेल का?

निपाणीकडचा

कार्ड काढून ठेवलंत हे सगळ्यात बरं केलंत. 'फिक्स'ला हात लावू नका, निदान मूळ कार्डावर तरी नाही.

आधी काय झालंय ते सांगतो, म्हणजे महागाचं कार्ड का उपयोगाचं नाही तेही कळेल. रेकॉर्डर आवाज कार्डावर सतत लिहीत असतो. पण फाईल किती मोठी झाली हा आकडा दोन ठिकाणी नोंदवायचा असतो : एक एफएटी३२ च्या यादीत फाईलच्या नावासमोर, दुसरा वेव्ह फाईलच्या डोक्यावर, म्हणजे हेडरमध्ये. बरेच रेकॉर्डर हे दोन्ही आकडे तुम्ही स्टॉप दाबल्यावरच भरतात. त्याआधी करंट गेला तर यादीत शून्यच राहतं. आवाज मात्र कार्डावर पडून आहे. दुकानदाराने माल गोदामात उतरवून घेतला आणि वहीत लिहायच्या आधीच दिवा गेला, असला प्रकार. एफएटी३२ ला असली अर्धवट नोंद नंतर आपोआप जुळवून घ्यायची सोय नाही, त्याला जर्नल (बदलांची कच्ची वही) नसतं.

पहिलं काम, कार्डाची सबंध इमेज (हुबेहूब नक्कल, एका फायलीत) घ्या. विंडोजवर विन३२ डिस्क इमेजर, त्यात 'रीड'. लिनक्सवर डीडीरेस्क्यू. हार्डडिस्कवर ३२ जीबी जागा मोकळी पाहिजे. विन३२ मध्ये चुकून 'राइट' दाबलंत तर मात्र हरी हरी, म्हणून बटण दोनदा बघा.

मग ती इमेज दुसऱ्या कार्डावर उतरवा. दुसरं कार्ड ६४ जीबीचं घ्या, कारण दोन कंपन्यांची ३२ जीबी कार्डं नेमकी सारखी नसतात, थोडं लहान निघालं तर इमेज बसत नाही. या नकलेवर चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करायची कमांड) '/एफ' लावून चालवा. आवाजाच्या तुकड्यांची साखळी शाबूत असेल तर 'फाउंड.०००' नावाच्या फोल्डरमध्ये 'सीएचके' शेपटीच्या फायली मिळतील. फोल्डर लपलेलं असतं, हिडन आयटम्स दाखवा असं करावं लागेल. आकारावरून ओळखा : तुमच्या सेटिंगला सेकंदाला २,८८,००० बाइट्स, म्हणजे तासाला साधारण १.०४ जीबी.

त्या फायली ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचा मोफत प्रोग्राम) 'इम्पोर्ट, रॉ डेटा' मधून घ्या. साइन्ड २४ बिट पीसीएम, लिटल-एंडियन, २ चॅनल, ४८०००.

वायरमन भाऊ

मिळायचं ते निपाणीकडच्यांनी सांगितलंच. मी करंटचं सांगतो, मूळ रोग तोच आहे.

सेल काढून चार्जरवर चालवणं ही बचत महागात पडते. सेल आत ठेवा. मात्र यूएसबी गेल्यावर सेलवर आपोआप जायची सोय प्रत्येक रेकॉर्डरात नसते. मॅन्युअल शोधत बसण्यापेक्षा चाचणी करा : रिकामं कार्ड, नवे सेल, चार्जर लावा, रेकॉर्ड चालू करा, एक मिनिटाने केबल उपसा. चालू राहिला तर ठीक. बंद पडला तर त्या रेकॉर्डराला चार्जर कायमचा बंद करा आणि फक्त सेलवर चालवा.

पॉवर बँक लावीन म्हणाल, तर तिच्यातही गोम आहे. बऱ्याच पॉवर बँका कमी करंट ओढला गेला की 'मोबाइल भरला' असं समजून स्वतःच बंद होतात. रेकॉर्डर ओढतो फार थोडा, म्हणून ती मधेच झोपते. इअरफोन किंवा घड्याळ भरायला 'लो करंट' मोड असलेली बँक घ्या आणि तीन तास नुसती चालवून बघा.

सेलचा प्रकार रेकॉर्डरच्या मेनूत सांगावा लागतो. अल्कलाइन दीड व्होल्टचा, चार्ज होणारा निकेल मेटल हायड्राइड १.२ व्होल्टचा. चार्जवाला घालून मेनूत अल्कलाइन ठेवलं तर पडद्यावरची सेलची पट्टी खोटं दाखवते. उलट केलं तर जास्तच वाईट : अल्कलाइन संपत आलेला असताना पट्टी भरलेली दिसते आणि रेकॉर्डर फाईल बंद करायला न थांबता मरतो. दोन्ही सेल एकाच जोडीचे, एकाच वेळी भरलेले. एक नवा एक जुना अजिबात नको.

शहापूरचा टाळकरी

एवढी भानगड करण्यापेक्षा एमपी३ वर रेकॉर्ड करा की ओ. एमपी३ चे बारीक बारीक तुकडे (फ्रेम) असतात, प्रत्येकाचं डोकं वेगळं, त्यामुळे मधेच तुटली तरी फाईल वाजते. ३२० केबीपीएस म्हणजे तासाला १४४ एमबी. कीर्तनाला बास झालं.

निपाणीकडचा

अर्धंच बरोबर. एमपी३ ला हेडरची अडचण नाही हे खरं. पण एफएटीच्या यादीतला आकडा तिथेही भरावाच लागतो. तो राहिला की एमपी३ सुद्धा ० केबीच दिसणार. वाचवायला सोपी जाते, एवढाच फायदा. शिवाय पखवाजाच्या थापेला लेव्हल एकदम उसळते, २४ बिटला आवाज खाली धरून ठेवता येतो आणि नंतर वाढवता येतो. एमपी३ दुसरी प्रत म्हणून ठेवा : मिक्सरच्या टेप आउटमधून दुसऱ्या रेकॉर्डरला किंवा मोबाइलला.

त्यापेक्षा फायली लहान ठेवा. काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन, जागर, दर वेळी स्टॉप दाबून नवीन फाईल. स्टॉप दाबलेली फाईल वहीत चढली, तिला आता करंट गेल्याने धक्का नाही. नुकसान झालं तर फक्त चालू फायलीचं.

तुमची ती दोन जीबीची फाईल का वाचली त्याचं उत्तरही हेच. बरेच रेकॉर्डर दोन जीबीला फाईल आपणच बंद करून पुढची उघडतात. तुमच्या सेटिंगला हे २ तास ४ मिनिटांच्या आसपास येतं. कीर्तन दोन तासांच्या जरा पुढे रेंगाळलं की शेवटचा भाग नव्या फायलीत जातो, आणि तेवढ्यात करंट गेला की नेमका तोच जातो. १६ बिटवर केलं तर हीच हद्द तीन तासांपुढे जाईल, पण वर सांगितलं ते लेव्हलचं बघा.

वायरमन भाऊ

स्टॉप दाबल्यावर लगेच स्विच बंद करू नका. दिवा लुकलुकायचा थांबू दे, पडद्यावर वेळेचा आकडा स्थिर होऊ दे. मोठी फाईल बंद व्हायला काही सेकंद लागतात. कार्ड काढायचं ते रेकॉर्डर पूर्ण बंद केल्यावरच.

शहापूरचा टाळकरी

कार्डाचं काय मग? आणि रेकॉर्डर स्पीकरच्या डब्यावर ठेवला तर चुंबकाने फायली उडतात म्हणतात, ते खरं का?

निपाणीकडचा

चुंबकाने कार्डाला काही होत नाही, ती भीती कॅसेटच्या जमान्यातली. स्पीकरवर ठेवू नये ते हादऱ्यामुळे, सेलची स्प्रिंग क्षणभर सुटली तरी रेकॉर्डर बंद पडतो.

कार्डाचा वेग इथे प्रश्नच नाही. तुम्हाला सेकंदाला जेमतेम ०.३ एमबी लागतं, क्लास ४ सुद्धा निदान ४ एमबी देतं. जास्त वेगाचे पैसे व्हिडिओवाल्यांनी द्यावेत. आपल्याला बघायचं ते कार्ड खरं आहे का. नकली कार्डावर ६४ छापलेलं असतं आणि आत ८ जीबीच असते, ८ भरेपर्यंत सगळं गोड चालतं, पुढचं लिहिलेलं हवेत. नवं कार्ड आणलं की आधी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्स किंवा मॅकवर एफ३. ते सबंध कार्ड भरतं आणि परत वाचून ताडून बघतं. ३२ जीबीला दहा एमबीच्या वेगाने लिहायलाच पाऊण-एक तास, संध्याकाळी लावून ठेवा. एकही चूक दाखवली तर कार्ड परत करा, 'थोड्याच चुका आहेत' असं काही नसतं.

रेकॉर्डर जुना असेल तर ३२ जीबीच्या वर जाऊ नका. त्याच्या वरची कार्डं एसडीएक्ससी, ती एक्सफॅटमध्ये येतात, जुन्या यंत्राला ती वाचता येत नाहीत. आणि एक्सफॅटमध्ये फाईलचे तुकडे कुठे आहेत त्या तक्त्याची प्रत साधारणपणे एकच असते, एफएटी३२ मध्ये दोन.

फॉरमॅट : आधी संगणकावर एसडी असोसिएशनचा मोफत एसडी मेमरी कार्ड फॉरमॅटर, मग रेकॉर्डरच्या मेनूतून एकदा. विंडोजचं उजव्या बटणाचं फॉरमॅट टाळा, ते ३२ जीबीला १६ केबीचे कप्पे पाडतं, एसडीचा स्वतःचा नियम ३२ केबीचा. सप्ताहात रोज सकाळी, कालच्या फायली दोन ठिकाणी उतरवून वाजवून बघितल्यावर, रेकॉर्डरमधूनच फॉरमॅट. एकेक फाईल पुसत बसू नका. रिकाम्या कार्डावर फाईल सलग बसते, आणि उद्या वाचवायची वेळ आली तर सलग फाईल उचलणं फार सोपं. तुकडे विखुरलेले असले की जिग्सॉ जुळवायला बसावं लागतं.

कार्डावर नाव बदलणं, कापाकापी करणं, मोबाइलला ओटीजीने लावून गाणी ऐकणं, हे काहीही नको. मोबाइल स्वतःची फोल्डरं त्यावर बनवतो.

घाटमाथा

जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात वेगळाच त्रास. ओल धरते, कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर पातळ थर बसतो, आणि मधेच 'नो कार्ड'. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन पट्ट्या पुसायच्या, पाच मिनिटं वाळू द्यायच्या. खोडरबरने घासू नका, सोन्याचा मुलामा पातळ असतो. रेकॉर्डर आणि कार्डं झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायची.

दिंडीत अबीर-बुक्का उधळला जातो तेव्हा कार्डाच्या खाचेचं रबरी झाकण लावलेलंच पाहिजे. बुक्का खाचेत गेला की काढणं कठीण, फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. हातपंपाचा ब्लोअर वापरा.

खानापूर पट्टा

माउली, इमेज घेतली, ६४ जीबी कार्डावर उतरवली, चेकडिस्क केलं. सीएचकेच्या चार फायली आल्या, सगळ्यात मोठी १.३ जीबी. ऑडॅसिटीत वर सांगितल्याप्रमाणे उघडली तर नुसता खरखराट, धबधब्यासारखा. गेली का फाईल?

निपाणीकडचा

नाही गेली. माझंच सांगायचं राहिलं. 'स्टार्ट ऑफसेट' (कितव्या बाइटनंतर वाचायला लागायचं तो आकडा) शून्यावर आहे, तिथे ४४ भरा. साध्या वेव्हचं हेडर ४४ बाइट्सचं असतं आणि २४ बिटचा एक नमुना (सॅम्पल) ३ बाइट्सचा. ४४ ला ३ ने भाग जात नाही, दोन उरतात, म्हणून प्रत्येक नमुना वाकडा वाचला जातो आणि खरखर येते. १६ बिटला हे होत नाही, तिथे ४४ नीट भागला जातो, सुरुवातीला फक्त टक्क वाजतं.

४४ ने नाही जमलं तर तुमचा रेकॉर्डर लांब हेडर लिहितो, मग ४५, ४६ करून बघा. तिन्हीतलं एक साफ वाजणारच. डावं-उजवं उलटं वाटलं तर त्यात ३ मिळवा.

खानापूर पट्टा

४६ ला साफ लागलं. टाळसुद्धा ऐकू येतात. चार्जरची चाचणीही केली : नवे सेल आत असतानासुद्धा केबल काढली की रेकॉर्डर बंद पडतो.

वायरमन भाऊ

मग चार्जर घरी ठेवा. चार्ज होणाऱ्या सेलच्या तीन जोड्या घ्या, जोडी ओळखायला तिन्हीवर वेगळ्या रंगाची चिकटपट्टी. नवी जोडी घालून रिकाम्या कार्डावर किती तास चालतो ते एकदा मोजा, आणि त्याच्या निम्म्याला बदलायची. हरिपाठ संपून कीर्तनाला उभं राहायच्या आधी पाच-दहा मिनिटं मिळतात, स्टॉप दाबून दिवा थांबल्यावर तेव्हाच बदला.