रविवारची रांग आणि ४७५ रुपये

अर्धविराम (पुणे)

गेल्या महिन्यात मी एक खटाटोप केला. घरच्या वाणसामानाची २३ जिनसांची यादी प्रथम गल्लीतल्या वाण्याकडे नेऊन प्रत्येक जिनसेचा दर लिहून घेतला आणि मग तीच यादी खिशात घालून आमच्या भागातल्या सवलतीच्या मोठ्या दुकानात गेलो. वाण्याचा हिशोब ४,३८० रुपये झाला होता, तर मोठ्या दुकानात त्याच जिनसा ३,९०५ रुपयांत बसत होत्या. ४७५ रुपयांचा हा फरक खरा आहे आणि त्याबद्दल माझा काही वाद नाही. प्रत्यक्षात मात्र मी ५,२६० रुपयांचे बिल चुकते करून बाहेर पडलो, कारण यादीत नसलेला सहा डब्यांचा संच, एकावर एक मोफत असलेले फिनेल, एक चादर आणि बिस्किटांचे मोठे पुडे ट्रॉलीत कधी येऊन बसले, हे आम्हा नवराबायकोला रांगेत उभे राहिल्यावरच कळले.

रविवारी सकाळी ११ वाजता आत गेलो आणि १ वाजून २० मिनिटांनी बाहेर आलो. त्यातली ५० मिनिटे निव्वळ रांगेची होती. आत जाताना माझ्या पिशवीची तोंडे प्लास्टिकच्या पट्टीने आवळली गेली, बाहेर पडताना बिलावर शिक्का बसला, आणि मधल्या वेळात यादी वाचणे, फडताळावरून माल काढणे, पिशव्या भरणे व त्या तिसऱ्या मजल्यावर चढवणे ही कामे मी स्वतः केली. हीच कामे पूर्वी वाण्याचा पोऱ्या करत असे. तेव्हा ४७५ रुपये ही सवलत नसून माझी मजुरी आहे, असे माझे म्हणणे आहे.

या धंद्यातली हुशारी मी नाकारत नाही. डी-मार्टचेच उदाहरण घ्या. २००२ साली पवईत पहिले दुकान निघाले आणि मार्च २०२५ अखेर ही संख्या ४१५ वर गेली. बहुतेक जागा भाड्याच्या नसून मालकीच्या किंवा दीर्घ मुदतीच्या कराराने घेतलेल्या असल्यामुळे दरवर्षी वाढणाऱ्या भाड्याचा बोजा मालाच्या दरावर पडत नाही. पुरवठादाराला पैसे लवकर चुकते केले जात असल्याने तोही दर उतरवून देतो. सजावट आणि जाहिरात यांवर फारसा खर्च नाही. हे सारे मान्य करूनही या गणितात ग्राहकाचा रविवार कुठेच मांडलेला नसतो, हे खटकते. आपल्याला काय वाटते?

निशिगंध (डोंबिवली)

आपले आकडे प्रामाणिक आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. यादीबाहेरचे १,३५५ रुपये दुकानाने आपल्या खिशातून काढून घेतले नाहीत. मी त्याच प्रकारच्या दुकानात गेली नऊ वर्षे जाते आहे आणि ट्रॉली कधीच घेत नाही. हातात दोन टोपल्या असल्या की तिसऱ्या अनावश्यक वस्तूला जागाच उरत नाही, आणि टोपली जड झाली की मोह आपोआप आवरतो. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, दुपारी ३ च्या सुमारास गेल्यास रांग दहा मिनिटांच्या वर जात नाही. पगार झाल्यावरच्या पहिल्या रविवारी जाऊन गर्दीची तक्रार करणे म्हणजे गणपतीत लालबागला जाऊन शांतता शोधण्यासारखे आहे.

आपण ज्याला मजुरी म्हणता, ते ४७५ रुपये वर्षाला ५,७०० होतात. ज्या घरात एकाचाच पगार येतो, तिथे एवढ्या पैशांत मुलाच्या वह्यापुस्तकांची सोय होते. रविवारची किंमत मोजण्याची चैन प्रत्येकाला परवडत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहिते. मोठ्या दुकानात पुडा हातात घेऊन त्यावरची तारीख वाचता येते, किंमत जास्त वाटली तर तो परत ठेवता येतो आणि कोणी तोंडाकडे बघत नाही. आमच्या वाण्याकडे मात्र समोरच्या इमारतीतल्या बाईंना तूरडाळीचा एक दर आणि मला दुसरा, असे मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. चेहरा पाहून भाव सांगण्याची ही रीत ज्यांनी सोसली आहे, त्यांना छापील दराच्या पट्टीचे मोल विचारा.

तागडी (नाशिक)

मी किराणा दुकानदार आहे आणि वडिलांनी सुरू केलेले दुकान चालवतो, त्यामुळे माझ्या लिहिण्यात पक्षपात असणार हे आधीच कबूल करतो. साबण, टूथपेस्ट, डिटर्जंट यांत आम्ही या दुकानांशी दरात टक्कर देऊच शकत नाही. कंपनीचा वितरक मला ज्या दरात खोके देतो, त्याहून कमी दरात तीच वस्तू तिथे फडताळावर असते, आणि माझ्या व्यवसायातले कित्येक लोक तिथूनच माल उचलून दुकानात ठेवतात, हे उघड गुपित आहे.

परंतु ताईंनी पगारदार घराचा हिशोब मांडला, रोजंदारीचा नाही. माझ्याकडे संध्याकाळी साडेसहानंतर येणारे गिऱ्हाईक दहा रुपयांची मोहरी, पाव किलो साखर, तेलाची छोटी पिशवी आणि शाम्पूच्या दोन पुड्या मागते. पाच किलोच्या पिशवीवर मिळणारी सूट ही पाच किलोचे पैसे एकदम हातात असलेल्या माणसासाठी असते. ज्याची मजुरी दर संध्याकाळी हातात पडते, त्याच्यासाठी ती पाटी भिंतीवरच्या चित्रासारखी आहे. २०२० च्या टाळेबंदीत माझ्या वहीत ४१ घरांची नावे होती, त्यांतल्या सहा घरांचे पैसे आजही आलेले नाहीत आणि मी ते मागतही नाही. मोठ्या दुकानाच्या संगणकात या वहीसाठी रकाना नसतो.

अर्धविराम

निशिगंध, टोपलीची युक्ती मान्य, पुढच्या वेळी करून पाहीन. मंगळवारी दुपारी ३ ला मोकळा असणारा नोकरदार मात्र मला दाखवा. माझा मूळ मुद्दाही थोडा निराळा होता. चादर आणि डबे माझ्या कमकुवत मनामुळे आले हे खरे, पण किराण्याच्या वाटेवर ते मांडले जातात, यामागे योजना असते. डाळ-तांदळावर सुटणारा नफा पातळ असतो, कपडे आणि घरगुती वस्तूंवर तो जास्त असतो. म्हणजे स्वस्त डाळ हे बोलावणे आहे, आणि माझ्यासारखी माणसे चादर घेतात म्हणून आपल्याला डाळ स्वस्त मिळते. आपल्या ५,७०० रुपयांत माझाही वाटा आहे, एवढे लक्षात असू द्या!

जुना सभासद (मुंबई)

चर्चा जणू वाणी किंवा मोठे दुकान एवढ्यावरच चालली आहे, म्हणून थोडे मागे नेतो. १९४८ साली नायगावात गिरणी कामगारांनी सहकारी तत्त्वावर दुकान काढले, त्यातून अपना बाजार उभा राहिला. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, माल घाऊक दरात यायचा आणि ठरलेल्या दिवशी कोणाच्या तरी घरी त्याची वाटणी व्हायची. आमच्या चाळीत ती आमच्या ओटीवर होत असे. गोणी उघडल्यावर तांदळाची उडालेली पांढरी पूड आईच्या चष्म्यावर बसायची, ती पुसत पुसतच ती वही तपासायची. तिथे सजावट नव्हती, जाहिरात नव्हती आणि चादरही नव्हती. काम आम्हीच करत होतो, पण नफा दुसऱ्या कोणाच्या खात्यात जात नव्हता.

जाता जाता एक सांगण्यासारखे आहे. डी-मार्ट काढण्यापूर्वी राधाकिशन दमाणी यांनी नेरूळला अपना बाजारचीच शाखा चालवायला घेऊन या धंद्याची ओळख करून घेतली होती. शिकवणी सहकाराची आणि परीक्षेत पहिला आला शेअर बाजारातला गुंतवणूकदार, याचा विचार आम्ही सहकारवाल्यांनी करायला हवा होता.

दूरस्थ (श्टुटगार्ट)

सवलतीच्या दुकानांचे माहेर जर्मनी आहे, म्हणून लिहितो. एसेन शहरात १९१३ साली आईने सुरू केलेल्या दुकानाचा अल्ब्रेख्ट बंधूंनी विस्तार केला, पुढे १९६१ च्या सुमारास दुकानात सिगारेटी ठेवाव्यात की नाहीत यावरून भावांनी धंदा उत्तर-दक्षिण वाटून घेतला, आणि या दुकानांना आल्डी हे नाव त्यानंतर आले. इथे माल खोक्यातच मांडलेला असतो. नाणे घातल्याशिवाय ट्रॉली सुटत नाही, आणि ते नाणे परत हवे असल्याने लोक ती जागेवर आणून लावतात, त्यामुळे गाड्या गोळा करायला वेगळा माणूस लागत नाही. काउंटरवरचा कर्मचारी इतक्या वेगाने माल सरकवतो की पिशवी भरण्याचा नाद सोडून सारे तसेच ट्रॉलीत ढकलावे लागते आणि नंतर खिडकीपाशी फळीवर निवांत भरावे लागते. आपल्या वेळेचा प्रश्न इथल्यांनी असा सोडवला आहे. भराभर रांग हलवणे हीच काटकसर. रविवारी दुकान बंद असते, त्यामुळे रविवार वाया जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

एक फरक मात्र डोळ्यांत भरतो. इथला हा कर्मचारी खुर्चीवर बसून काम करतो. सुट्टीत भारतात आलो असताना एका सवलतीच्या दुकानात रात्री साडेनऊला बिल करणाऱ्या मुलीला एकदा डाव्या, एकदा उजव्या पायावर भार टाकताना पाहिले. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसायला जागा देणे कायद्याने आवश्यक केले. स्वस्ताईची किंमत कोण मोजतो असे विचारायचेच असेल, तर अर्धविराम यांच्या रविवारआधी त्या मुलीच्या पायांचा विचार व्हावा.

निशिगंध

दूरस्थ यांचा मुद्दा मला निरुत्तर करणारा आहे. खुर्ची दिल्याने डाळ महाग होईल असे मला वाटत नाही, आणि झाली तरी किलोमागे दोन रुपये मी देईन. चार रुपये देईन का, हे आत्ता प्रामाणिकपणे सांगता येणार नाही.

तागडी, आपल्या वहीबद्दल आदर आहे. पण चेहरा पाहून भाव सांगण्याबद्दल आपण काहीच लिहिले नाहीत.

तागडी

मुद्दाम टाळले होते. ताईंनी बरोबर पकडले. ही रीत आमच्याही दुकानात होती. घासाघीस करणाऱ्याला एक दर, गप्प बसणाऱ्याला दुसरा, आणि जुन्या ओळखीला तिसरा. वडिलांच्या मते तो व्यवहार होता, माझ्या मते ती लबाडी होती आणि यावरून आमचे दोन दिवस बोलणे बंद होते. गेल्या दिवाळीपासून मी दारात फळा लावला आहे. तूरडाळ, साखर, गोडेतेल, पोहे, रवा, शेंगदाणे आणि गूळ अशा सात जिनसांचे दर त्यावर रोज सकाळी खडूने लिहितो. पहिल्याच दिवशी दोन गिऱ्हाइकांनी फळा वाचला, 'तिकडे डाळ बारा रुपयांनी स्वस्त आहे' असे मला सांगितले आणि ती निघून गेली. त्यांतले एक संध्याकाळी परत आले. साखर संपली होती आणि पाव किलोच हवी होती.