स्मार्ट मीटरचा खर्च नेमका कशातून भरून निघणार?

प्रश्न
आमच्या सोसायटीत गेल्या महिन्यात स्मार्ट मीटर बसले. त्या वेळी कोणी पैसे मागितले नाहीत. परंतु २०२३ मधील राज्यातील निविदांनुसार मीटरमागे देखभालीसह सुमारे १२,००० रुपये खर्च येतो आणि केंद्राच्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेचे अनुदान त्यात जेमतेम ९०० रुपयांचे आहे. उरलेली रक्कम वीजदरातूनच वसूल होणार, हे उघड आहे. आमच्याकडे वीजचोरी नाही आणि थकबाकीही नाही. मग आमचा लाभ कोणता?

प्रतिसाद १
व्याज आणि अनुदान न धरता १२,००० रुपयांचा दहा वर्षांचा हिशेब केला, तर दरमहा १०० रुपये होतात. सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना युनिटमागे ८० पैशांची सवलत जुलै २०२५ पासून जाहीर झाली. तेवढ्यावर १०० रुपये वाचवायचे, तर त्या आठ तासांत महिन्याला १२५ युनिट वापरावे लागतील. दोन किलोवॅटचा गिझर रोज अर्धा तास नऊनंतर लावला, तर महिन्याचे ३० युनिट सवलतीत येतात, म्हणजे २४ रुपये. शिवाय नऊनंतर आंघोळीला घरात कोण असते, हा प्रश्न आहेच.

प्रतिसाद २
मी वितरणाच्या कामातून निवृत्त झालो आहे. केवळ सवलतीवर हा खर्च तोलणे मला अपुरे वाटते. पूर्वी ग्राहकांची रीडिंग आठ-दहा दिवस चालत आणि रोहित्राची (ट्रान्सफॉर्मरची) नोंद भलत्याच दिवशी होई; त्यामुळे दोहोंतील तफावतीत वीजगळती किती आणि तारखांचा घोळ किती, हे सांगता येत नसे. आता दोन्हीकडची अर्ध्या तासाची नोंद एकाच वेळेची मिळते, त्यामुळे वीजचोरीचे आकडे कुठे टाकले जातात आणि कोणते रोहित्र तापते, हे कळू शकते. मात्र त्यासाठी रोहित्रावरही मीटर हवा आणि कोणता ग्राहक कोणत्या रोहित्रावर आहे, याची नोंद अचूक हवी. माझ्या मते हे काम घरोघरच्या मीटरांच्या आधी व्हायला हवे होते. शिवाय कृषिपंप या योजनेतून वगळले आहेत. त्यांतील अनेकांचे बिल आजही मीटरवर नव्हे, तर पंपाच्या अश्वशक्तीवर निघते, म्हणजे गळतीचा हिशेब जिथे सर्वांत अंदाजपंचे आहे, तिथे मीटर पोहोचणारच नाही.

मूळ प्रश्नकर्ता
आभारी आहे. आपले वाचून बिलावरील डीटीसी क्रमांक, म्हणजे रोहित्राचा क्रमांक, पाहिला. तो कोपऱ्यावरच्या डीपीचा (रोहित्राचा) आहे. आमची केबल मात्र दोन वर्षांपूर्वी मागच्या गल्लीतील डीपीवर जोडली गेली आहे. दुरुस्तीसाठी उद्या लेखी अर्ज देतो.