उत्तर: मुंबईत जुन्या मित्रांना भेटायचं तर कुठे?

वरच्या उत्तरांत दोघातिघांनी मॉलमधले बुफे सुचवलेत. माझं मत वेगळं आहे. तुम्ही इतक्या वर्षांनी मुंबईत येताय, मित्रांपैकी कुणी कल्याणहून निघणार, कुणी बोरिवलीहून. अशा वेळी दादर-माटुंगासारखी जागा नाही, कारण मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वेमार्गांवरून येणाऱ्यांना गाडी न बदलता पोचता येतं.

दुपारी जमणार असाल तर माटुंगा स्टेशनजवळचं रामा नायक यांचं उडुपी. १९४२ पासून चालू आहे, केळीच्या पानावर जेवण मिळतं. मात्र तिथे जेवणानंतर रेंगाळता येत नाही, बाहेर माणसं ताटकळत असतात. म्हणून जेवून सरळ फाइव्ह गार्डन्सपर्यंत चालत जा. खऱ्या गप्पा तिथल्या झाडांखालीच होतील. संध्याकाळची वेळ असेल तर दादरला 'प्रकाश'मध्ये साबुदाणा वडा आणि पियूष, मग शिवाजी पार्कचा कट्टा. तिथून कुणी उठवत नाही.

आणखी एक, हे मनापासून सांगतो. पंधरा जणांना एकाच टेबलाभोवती बसवू नका. टेबलाच्या दोन टोकांचं एकमेकांशी बोलणंच होत नाही, निम्मा वेळ फोटोंत जातो. तिघे-चौघेच भेटा, हवं तर दोन वेळा भेटा. आणि घरी आजारी आईवडील असल्यामुळे ज्याला बाहेर पडता येत नाही, त्याच्याकडे तुम्हीच जा. जाताना सगळ्यांसाठी जेवण बांधून न्या, म्हणजे त्या घरावर स्वयंपाकाचा भार पडणार नाही. आधी फोन करून काकाकाकूंना काय चालतं तेवढं विचारून घ्या.