प्रतिसाद: बाहेरचा ॲक्च्युअरी आणि पीक विम्याचा दर

कंपनीबाहेरच्या ॲक्च्युअरीने (जोखमीचे गणित करून विम्याचा दर काढणाऱ्या तज्ज्ञाने) पीक विम्याचा दर तपासला म्हणजे तो योग्यच असणार, असे एक मत मांडले गेले आहे; ते मला अर्धेच पटते. पंतप्रधान पीक विमा योजनेत उंबरठा उत्पादन (ज्याखाली उत्पादन गेले की भरपाई मिळते ती पातळी) मागील 7 वर्षांपैकी सर्वोत्तम 5 वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तराने (विम्याने हमी दिलेल्या टक्क्याने) गुणून ठरते आणि मूळ आकडे पीक कापणी प्रयोगांतून, म्हणजे निवडक शेतांतले पीक कापून केलेल्या मोजणीतून, येतात. लातूर-बीडकडे पावसात भिजलेल्या सोयाबीनचे वजन ओलावा न तपासताच नोंदवले गेले, तर तो फुगलेला आकडा दर तपासणाऱ्या या बाहेरच्या सल्लागाराच्या तक्त्यात बिनबोभाट जाऊन बसतो. छोट्या कंपन्यांना असा सल्लागार लागतोच, कारण स्वतःचा मोठा चमू पोसणे परवडत नाही. मात्र त्याचे मानधन कंपनीच देते (हे विसरून कसे चालेल?), त्यामुळे कच्ची आकडेवारी कोणी व कशी पडताळली, हे त्याने अहवालात स्पष्ट लिहिणे बंधनकारक असावे.